दिसला?

"आला! मोठ्या बाभळीच्या वर, टोकापासून बोटभर डावीकडे. पांढुरका भोवत्या, मादी. दिसला?"

"दिसला," सगळे म्हणाले.

ही आरोळी मी लहानपणापासून ऐकत आलेय. आरोळी देणारे आमचे अप्पा, म्हणजे प्राणिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक दिगंबर हत्तुरे. सोलापूरपासून तासाभरावर गवळहट्टीचा माळ आहे. तिथे दर हिवाळ्यात संध्याकाळी उभं राहून ते भोवत्ये नावाचे पक्षी मोजतात, आणि त्यांच्या मागे त्यांचा गट उभा असतो. अप्पा दुर्बिणीतून बघतात, नाव सांगतात आणि विचारतात, "दिसला?" याला उत्तर एकच. नमस्काराला नमस्कार म्हणावं तसं. एखादा नवखा "नाही ओ सर, कुठाय?" म्हणालाच, तर अप्पा त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला बाभूळ दाखवतात, तिचं टोक दाखवतात, बोटभर म्हणजे किती ते दाखवतात. तोवर पक्षी पुढच्या तालुक्यात पोचलेला असतो आणि बाकीचे सगळे त्या नवख्याकडे बघत असतात. पुढच्या वेळी तोही "दिसला" म्हणतो.

त्या शनिवारी मात्र मी आकाशाकडे बघत नव्हते. माझ्या हातात टॅब होता आणि टॅबवर सहा ठिपके, सहा दुर्बिणींचे. अप्पांनी "दिसला?" विचारलं आणि सगळे "दिसला" म्हणाले, तेव्हा त्यातले पाच ठिपके लाल झाले. सहावा, खुद्द अप्पांचा, पिवळा झाला.

त्या रंगांचा अर्थ त्या माळावर मला एकटीलाच ठाऊक होता. ते यंत्र मीच केलं होतं.

झालंय असं, की गेल्या सात-आठ वर्षांत फोटोची काही पतच राहिली नाही. सांगाल तो गरुड, सांगाल त्या आकाशात, पिसांवरच्या धुळीसकट घरबसल्या काढून मिळतो. त्यामुळे कोर्टात आणि सरकारदरबारी पुन्हा जुन्याच गोष्टीला किंमत आली: एखाद्या माणसाने ते डोळ्यांनी पाहिलंय का? पण माणूस तरी खरं बोलतो कशावरून? म्हणून पुण्याच्या आमच्या प्रयोगशाळेने 'साक्षी' बनवली. मुळात ती ओळखपरेडीसाठी होती, पण वनखात्याच्या मोजण्यांनाही ती लागू झाली.

तत्त्व सोपं आहे. ओळखीची गोष्ट नजरेला पडली की साधारण एक तृतीयांश सेकंदाने मेंदूत विजेची एक लहर उठते. ती दाबता येत नाही आणि मुद्दाम आणताही येत नाही. साक्षी दुर्बिणीच्या डोळ्याला टेकणाऱ्या रबरी कड्यात बारीक तारा असतात, त्या ही लहर कातडीवरून टिपतात. एक कॅमेरा बुबुळ नेमकं कुठे रोखलंय ते बघतो. दुसरा, बुबुळासमोर खरोखर काय होतं ते. समोर पक्षी, त्याच्यावर नजर आणि मागोमाग लहर, की ठिपका हिरवा. लहरच उठली नाही तर लाल.

पिवळा आम्हाला चाचण्या घेताना सापडला, आणि तोही फक्त मुरलेल्या लोकांत. मेंदू काही डोळ्यांची वाट बघत बसत नाही. घरच्या जिन्यावर दिवे गेले तरी पाय पायरी आधीच धरून चालतो ना, तसंच हे. मुरलेल्या माणसाच्या मेंदूत लहर कधीकधी आधी उठते आणि चित्र मागून येतं. कधी चित्र येतच नाही. पण त्याला विचारा, तो शपथेवर सांगेल की मी पाहिलं. आणि तो खोटं बोलत नसतो. त्याच्या डोक्यात आधी नाव येतं आणि मग पक्षी. पक्षी नसला, तरी नाव येतंच.

भोवत्या हा शिकारी पक्षी थंडीत मध्य आशियातून आपल्या माळांवर येतो. दिवसभर गवतावरून अगदी खालून तरंगत टोळ आणि उंदीर टिपतो आणि संध्याकाळी दहा-वीसच्या संख्येने उघड्या गवतात, जमिनीवरच झोपायला उतरतो. नर राखी-पांढरे, सहज ओळखू येतात. माद्यांनी मात्र भल्याभल्यांना रडवलंय. पांढुरका आणि माँटेग्यूचा या दोन जातींच्या माद्या सारख्याच तपकिरी, शेपटीच्या मुळाशी सारखाच पांढरा पट्टा. फरक काय तो मानेवरच्या फिक्या कॉलरचा, आणि तो दिसतो पक्षी कलला तर क्षणभर. जात कळली नाही तर 'अनिश्चित' म्हणून नोंदवायची सोय आहे. अप्पा असं करणाऱ्यांना 'अनिश्चित पार्टी' म्हणतात. दातांचे डॉक्टर इंगळगी एकदा या पार्टीत गेले, ते नाव त्यांना आजतागायत चिकटलेलं आहे.

माळाचं प्रकरण असं होतं. चार वर्षांपूर्वी 'हरितकवच' नावाच्या कंपनीने निम्म्या माळावर झाडं लावली. हवेतला कार्बन झाडांत साठवायचा आणि त्याचं श्रेय परदेशी कारखान्यांना विकायचं, हा धंदा. अप्पांनी तेव्हा आकाशपाताळ एक केलं. भोवत्याला उघडं गवत लागतं, झाडं आली की तो जाणार, असं ते ओरडून सांगत होते. पण पुढच्या हिवाळ्यात त्यांच्याच मोजणीत पन्नासाच्या वर भोवत्ये निघाले. त्याच्या पुढच्या हिवाळ्यातही तेच. कंपनीने गुळगुळीत माहितीपत्रक छापलं, 'झाडंही, पक्षीही', आणि आत अप्पांचा फोटो, दुर्बीण घेतलेला. अप्पा चिडले, पण ते माहितीपत्रक आमच्या दिवाणखान्यात टीपॉयवर कायम असतं, हेही खरं.

आता उरलेल्या निम्म्या माळाची पाळी होती. सोमवारी जनसुनावणी. या वेळी साक्षीने मोजलेला आकडाच धरणार, असं कळल्यावर अप्पांनी मला पुण्याहून बोलावून घेतलं. "हातच्या काकणाला आरसा कशाला? पण त्यांना आरसाच पायजे तर तो माझ्या पोरीनं केलेला असू दे की!"

त्या संध्याकाळी अप्पांनी त्रेपन्न भोवत्ये मोजले. साक्षीच्या हिशेबाने माळावर दोन होते.

परतताना अप्पा खुशीत होते. "नंदे, सोमवारी तुझं यंत्र त्यांच्या तोंडावर मारतो बघ." मी नुसतं हुं म्हटलं. मागच्या सीटवर अव्वा, म्हणजे आमची आई कस्तुरी, खिडकीबाहेर बघत होती.

सकाळी अप्पा फिरायला गेल्यावर अव्वा माझ्याजवळ आली. तिचे हात धपाट्याच्या पिठाने माखलेले होते.

"काय बघलालीस गं त्यात? किती निघाले?"

"दोन."

तिला आश्चर्य वाटलं नाही. त्याचंच मला आश्चर्य वाटलं.

"अव्वा, तुला माहीत होतं?"

"झाडं लागली त्याच्या पुढच्या थंडीपासनं मला एकही दिसलेला नाही. आधी वाटलं, माझेच डोळे गेले. चष्मा बदलून आणला. मग इंगळगी डॉक्टरांच्या बायकोला विचारलं, तर ती म्हणाली, आमच्या ह्यांनाही नाही दिसत, पण सरांना कोण सांगणार?"

"मग तू का नाही सांगितलंस? ते काय खाणार होते तुला?"

"ते रागावले असते तर रोज नाही म्हणाले असते मी. रागाला मी भीत नाही." ती हाताचं पीठ चोळून काढत राहिली. "त्यांचं तोंड पडतं गं. लग्नानंतर पहिल्यांदा माळावर नेलं तेव्हा मी खरं सांगितलं होतं, नाही दिसला. लहान पोराचं खेळणं काढून घेतल्यागत झालं होतं तोंड. तेवढं नाही बघवत."

मग तिने हळूच विचारलं, "ते यंत्र जरा नरम करता येतं का?"

येत होतं. 'चित्र आधी, लहर नंतर' ही अट काढून टाकली की पिवळे सगळे हिरव्यात जमा होतात. कोर्टाच्या यंत्रांत तिला कुलूप असतं. हे माझं यंत्र होतं आणि किल्ली माझ्याकडेच होती. मी स्वतःची समजूत घातली. पिवळा म्हणजे काही खोटं नव्हे, मेंदूने ओळखलंच ना? आणि सत्तरी ओलांडलेल्या माणसाला भर सभेत तोंडावर पाडायला मी पुण्याहून आले होते का? एका बोटाचं काम होतं. आकडा झाला त्रेपन्न.

जेवणं झाल्यावर मी टॅब अप्पांसमोर ठेवला. त्रेपन्न हिरवे ठिपके बघून त्यांचा चेहरा असा फुलला की मला माझं काही चुकलं असं वाटेना. मी कॉलेजातली पहिली परीक्षा पास झाले तेव्हाही त्यांना इतकं आनंदलेलं पाहिलं नव्हतं.

"आता यातले चार-पाच चांगले काढ. सभेत दाखवू. त्या बाभळीवरची मादी काढ, कॉलर मस्त दिसली होती."

मला हे सुचलंच नव्हतं. साक्षी प्रत्येक ठिपक्यामागचं दृश्यही आवाजासकट साठवते. मी म्हटलं, दृश्यं पुण्यात आहेत. अप्पा म्हणाले, हे काय, इथं बटण आहे की. आणि त्यांनी ते दाबलं.

बाभळीचं टोक दिसलं. त्याच्या डावीकडे बोटभर अंतरावर अप्पांची नजर रोखलेली होती, तिथे बारीक वर्तुळ उमटलं होतं. वर्तुळात आकाश होतं. नुसतं संध्याकाळचं आकाश.

"पक्षी कुठाय?" अप्पांनी विचारलं.

त्यांनी पुढचं लावलं. गवत. पुढचं. लांबवर एक कावळा. पुढचं. वाऱ्याने फुगलेली काळी पिशवी कुंपणाच्या तारेला अडकलेली, आणि सोबत त्यांचाच आवाज: "माँटेग्यूचा, मादी. दिसला?" आणि मागून सगळ्यांचा: "दिसला." ते एकेक करून सगळी बघत गेले. पेपर तपासताना बघत तसेच, घाई न करता.

शेवटी त्यांनी चष्मा काढला.

"यात हिरवं खरं किती?"

"दोन."

"आणि हे बाकीचे हिरवे?"

"पिवळे होते. अप्पा, पिवळं म्हणजे खोटं नाही. मुरलेल्या माणसाच्या मेंदूत..."

"यंत्रालाही तू 'दिसला' म्हणायला शिकवलंस?"

त्यांचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अव्वाचं सोडा, इंगळगींचंही सोडा. ते डोळ्यांवर शंका घेऊन गप्प बसले. मला तर खरं काय ते रंगासकट माहीत होतं. जगात खोट्याला जागा उरू नये म्हणून जे यंत्र आम्ही केलं, ते मी एका जेवणाच्या आत बापाच्या गटात भरती केलं होतं.

अप्पांनी स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली. "कस्तुरी, तुला कधीपासनं दिसत नाहीत?"

अव्वाने दारात येऊन सांगितलं. मला सांगितलं होतं तेच, पण खाली बघून.

"चार वर्षं," अप्पा म्हणाले. "चार वर्षं मी त्यांना लिहून देतोय की झाडांनी काही बिघडत नाही." त्यांनी टीपॉयवरचं माहितीपत्रक उचललं, स्वतःच्या फोटोकडे बघितलं आणि ते पालथं ठेवलं.

पेच सरळ होता. त्रेपन्न म्हणावं, तर कंपनी म्हणणार, बघा, झाडांत पक्षी सुखात आहेत, उरलेलीही लावू द्या. दोन म्हणावं, तर म्हणणार, इथे पक्षीच नाहीत, मग अडवता कशाला? माळ वाचायचा तर एकच वाट होती. झाडांआधी साठ-पासष्ट होते, झाडांनंतर ते गेले, आणि मधले चार वर्षांचे आकडे खरे नव्हते, असं त्या आकड्यांच्या धन्यानेच उभं राहून सांगायचं. अप्पांकडे दुसरी इस्टेट नव्हती. होतं ते नावच.

"मधल्या वर्षांचं काही बोलू नका," मी म्हटलं. "वय झालं, यंदा नजर कमी पडली, एवढंच सांगा."

"म्हणजे त्यांनाही 'दिसला' म्हणायला लावू?"

दिवसभर माझं तेच चाललं होतं.

सोमवारी तालुक्याचं सभागृह अर्धंअधिक भरलं होतं. कंपनीतर्फे एक तरुण बाई आली होती, अतिशय नम्र. तिने अप्पांना वाकून नमस्कार केला आणि मगच माहितीपत्रक वर धरलं. "सर, हे आकडे आपलेच आहेत ना?"

"माझेच," अप्पा म्हणाले. "पण ते पक्षी मी पाहिले नव्हते. मला ते दिसले असं वाटलं होतं."

मागे कुणीतरी हसलं. अप्पा थांबले, आणि मग त्यांनी सगळं सांगितलं. ठिपके, पिवळा रंग, काळी पिशवीसुद्धा. पिशवीची गरज नव्हती, पण ती त्यांनी सोडली नाही. "माझ्या गटाचा यात दोष नाही. 'नाही दिसला' म्हणायची सोय मीच ठेवली नव्हती," ते म्हणाले.

यावर अव्वा खुर्चीतून उठली. सभेत ती जन्मात बोललेली नाही. "मलाबी नाही दिसले," ती म्हणाली आणि लगेच बसली. मग इंगळगी डॉक्टर उठले, मग बाकीचे. "नाही दिसले." "मलाही नाही." तेही एकमेकांकडे बघूनच, जसे "दिसला" म्हणत तसेच. मला हसू यावं की रडू, कळेना.

सुनावणीचे अधिकारी शांतपणे ऐकत होते. त्यांनी एकच प्रश्न विचारला, आणि तोही अगदी सौम्यपणे. "सर, मग झाडांच्या आधीचे साठ-पासष्ट? ते खरंच होते हे आम्ही कशावरून धरायचं?"

हा प्रश्न आमच्यापैकी कुणाच्याच मनात आला नव्हता.

"ते मी खरंच पाहिले होते," अप्पा म्हणाले. गृहपाठ घरी विसरलेला मुलगा बोलतो तसा तो आवाज होता. मी त्यांना उभ्या आयुष्यात तसं बोलताना ऐकलं नव्हतं. कुणी हसलं नाही या वेळी, आणि ते जास्त लागलं.

निर्णय लांबणीवर पडला. हा हिवाळा संपेपर्यंत साक्षी लावून, अट न काढता, पुन्हा मोजा. उरलेल्या माळावर भोवत्ये उतरतात असं दिसलं तर विचार करू. दुसऱ्या दिवसापासून मोजणी सुरू.

मंगळवारी संध्याकाळी माळावर आम्ही तिघंच होतो. इंगळगींनी दवाखान्यात गर्दी असल्याचा निरोप पाठवला होता. बाकीच्यांनी तोही नाही. अप्पा आणि अव्वा दुर्बिणी लावून उभे राहिले, मी टॅब घेऊन गाडीला टेकून. एका अंगाला कंपनीच्या झाडांची काळी रांग, दुसऱ्या अंगाला पिवळं गवत. अप्पा काही बोलत नव्हते. त्यांची आरोळी नसली तर माळ किती मोठा वाटतो, ते मला तेव्हा कळलं. मी रात्रभर यंत्राची एकेक अट तपासून पुन्हा लावली होती. आता एकही चूक व्हायला नको म्हणून मी त्या ठिपक्यांवरून नजर काढत नव्हते.

सूर्य टेकला आणि अप्पांचा ठिपका हिरवा झाला.

अप्पा गप्पच. पाठोपाठ अव्वाचा ठिपका हिरवा झाला. तीही गप्प. दोन हिरवे ठिपके शेजारी शेजारी, आणि ती दोघं चुकूनही एकमेकांकडे बघत नव्हती.

बऱ्याच वेळाने अप्पांनी दुर्बीण खाली न घेता विचारलं, "कस्तुरी, तुला काही दिसलं का गं?"

इतक्या वर्षांची सवय तिच्या ओठांवर आलेली मला कळली. ती थांबली. "शेपटीपाशी पांढरं दिसलं," ती म्हणाली. "भोवत्याच आहे. पण कोणता, ते मला नाही सांगता यायचं."

"कॉलर?"

"नाही बाई दिसली."

"मलाही नाही दिसली," अप्पा म्हणाले.

"मग काय धरू?" मी विचारलं.

"भोवत्या. मादी." त्यांनी दुर्बीण खाली घेतली. "अनिश्चित."

ते मी भरलं. मग अप्पा माझ्याकडे वळले आणि नेहमीसारखं नाही, तर खरंच माहीत नसल्यासारखं त्यांनी विचारलं, "नंदे, तुला दिसला?"

माझी नजर अजून टॅबवर होती. माळावर आल्यापासून ती तिथेच होती. आकाशाकडे मी एकदाही बघितलं नव्हतं.

"नाही," मी म्हटलं. उभ्या जन्मात पहिल्यांदा.

"मग बघ की," अप्पा म्हणाले आणि त्यांनी स्वतःची दुर्बीण गळ्यातून काढून माझ्या हातात दिली. मी घाईघाईने ती डोळ्यांना लावली. तोवर तो गवतात उतरला होता.